बारा नंबरचा रकाना

किस्से काही कुणी जमवायला बसत नाही. लिंबाच्या झाडाखाली टेबल मांडलं, की वरून पाला पडत राहतो तसे तेही पडत राहतात. संध्याकाळी टेबल झटकून घरी जावं, तर दोन-चार शर्टाच्या खिशात आलेले असतातच! मी तसा कमी बोलणारा. समोर चार माणसं आली की माझी मान आपोआप खाली जाते. पण लिहिणाऱ्याची मान खालीच असते, म्हणून हा धंदा मला मानवला. ऐकायला काही मान वर करावी लागत नाही.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता, तेव्हाच्या या गोष्टी. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, आत खुर्च्या जुन्या. पोलिसांच्या मोठ्या कचेरीसमोर रशीदचाचांचं टेबल होतं. चाचा निजामाच्या काळापासूनचे अर्जनवीस, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारे. त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून ते सांगायचे आणि मी लिहायचो. मी आठवीतून शाळा सोडलेला. दुष्काळात शाळेपेक्षा खडी फोडायचं काम जवळ पडलं. पण अक्षर बरं होतं, त्यामुळे सगळे मला 'मास्तर' म्हणायचे. आधी लाजायचो. मग सवय झाली.

सरकारी नोकरीत सिलेक्शन झालं, की माणसाच्या चारित्र्याची पडताळणी व्हायची. लष्करी कारखाना असो, बँकेचा पहारा असो, आधी तो लांबलचक फॉर्म. अकरा रकाने भराभर भरून व्हायचे. नाव, गाव, वडिलांचं नाव, शाळा. बारावा आला की माणूस खोकायचा, झाडाकडं बघायचा, पाणी मागायचा. 'तुम्हांस कधी अटक, दंड अथवा शिक्षा झाली आहे काय? असल्यास तपशील द्यावा.'

आणि तपशील बहुतेक वेळा दारूचाच असायचा!

*

औशाचा विठ्ठल टपाल वाटायच्या नोकरीत लागणार होता. मी विचारलं, "कधी अटक झाली होती का?"

"अटक म्हंजे?"

"म्हणजे पोलिसांनी धरून नेलं होतं का?"

"न्हाई न्हाई! मीच नेलं त्यांना!"

पोळ्याच्या दिवशी हा किल्ल्याच्या बाजूला झोकांड्या खात सायकल हातात धरून चालला होता. शिपायानं अडवलं. ठाणं लांब आणि शिपायाच्या चपलेचा अंगठा तुटलेला. विठ्ठल म्हणाला, "बसा मागं, सोडतो." शिपाई बसला!

"चढ लई होता, मास्तर. निम्म्यात त्यांनी उतरून मागून ढकललं, म्हून पोचलाव."

मी चाचांकडं बघितलं. चाचा हसले नाहीत. त्यांचा एकच कायदा होता, "लिख बेटा. जैसा हुआ वैसा."

मी लिहिलं, 'अर्जदाराने संबंधित शिपायास स्वतःच्या सायकलवरून ठाण्यात नेले व स्वतः हजर झाला. दंड भरला.'

पडताळणीचं काम बिराजदार हवालदारांकडं होतं. जाडजूड, घामेजलेला, मनानं मऊ माणूस. फॉर्म हातात धरून ते बाहेर आले. "मास्तर, हे मी वरच्या सायबाला कोणत्या तोंडानं दाखवू?"

दाखवलं मात्र. एकच केस, जुनी, मान्य केलेली, गावचा अहवाल चांगला. विठ्ठलला नोकरी लागली. आणि खात्यानं त्याला पहिल्याच दिवशी काय दिलं? सायकल!

*

त्याच आठवड्यात मिलिंद आला. औसा तालुक्यातल्याच एका खेड्यातला, बौद्ध वस्तीतला. बापाच्या मागं आईनं मजुरी करून वाढवलेला. लष्करी कारखान्यात पहारेकरी म्हणून सिलेक्शन झालेलं. अकरा रकाने भरून झाले. बारावा त्यानं स्वतः वाचला, फॉर्मची घडी घातली आणि म्हणाला, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी आला. पुन्हा घडी. "उद्या येतो."

चौथ्या दिवशी चाचा म्हणाले, "क्या रे, रोज आके कागज को सलाम करके जाता. बैठ. बोल."

तो बसला. जमिनीकडं बघत बोलायला लागला. माझ्यासारखाच, म्हणून मला लगेच आपला वाटला.

दोन वर्षांपूर्वी दुष्काळात तो एका विहिरीच्या खोलीकरणावर होता. दोन महिने सुरुंग लावले, दगड फोडले. शेवटच्या दिवशी मुकादम म्हणाला, बस करा, इथं पाणी न्हाई. सोबतचे बाजाराच्या गावी जाऊन प्याले. हाही प्याला. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं.

"मग?"

"मग चौकातल्या सरकारी नळाला मिठी मारली."

"नळाला?"

"हाव. कोरडाच होता. सोडच ना मी. म्हणलं, पाणी सोड, तवा मी सोडतो. दोन शिपायांनी वढून काढलं. कोर्टात वाचून दाखवलं, 'आरोपी हा सार्वजनिक नळास मिठी मारून मोठमोठ्याने रडत असताना मिळून आला.' सगळं कोर्ट हसलं, मास्तर."

आम्ही नाही हसलो.

"दंड झाला, भरला, सुटलो. पण मायला ठाऊक न्हाई. ती रोज सकाळी वंदना म्हणती. पंचशीलातलं पाचवं शील आलं, नशापाण्याचं, की आवाज चढवती. वस्तीला ऐकू जावं म्हून. बाप दारूतच गेला माझा. आता ह्यात लिहिलं, तर हवालदार गावात येणार, घरी इचारणार. न्हाई लिहिलं तर..."

पडताळणी होऊन फॉर्म पोचायला महिना राहिला होता. वयात बसायची त्याची ही शेवटची भरती होती.

"सोच," चाचा म्हणाले. "झाड कहीं नहीं जाता."

तेव्हापासून मिलिंद रोज यायचा आणि आमच्या टेबलाशेजारच्या दगडावर बसून विचार करायचा. त्यामुळं पुढचे किस्से त्यानंही ऐकले.

*

एक रिटायर सुभेदार आले. मिशा कडक, बूट चकचकीत. बँकेत बंदुकीवाला पहारेकरी व्हायचं होतं. बारावा रकाना आला तसे ताठ झाले. "लिहा. निरंक!" निरंक म्हणजे काही नाही.

मग त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेला एक कागद काढला. "आणि हे चारित्र्याच्या दाखल्याला जोडा."

तो दारू प्यायचा परवाना होता!

मी हळूच म्हणालो, "साहेब, हा कशाला?"

"कशाला म्हणजे? वाचा की! प्रकृतीसाठी आवश्यक म्हणून सरकारनं सही-शिक्क्यानं दिलाय. अहो, इथं लोक चोरून पितात. मी परवानगी काढून पितो. यापेक्षा चांगलं चारित्र्य कुठं असतं?"

बिराजदार हवालदारांनी परवाना दोन्ही बाजूंनी बघितला. "सुभेदारसाहेब, ह्यात गुन्हा काहीच न्हाई. पण शिफारस म्हून जोडला, तर बँकवाले बंदूक देताना दोनदा इचार करतील!"

सुभेदारांनी परवाना परत प्लास्टिकमध्ये घातला. जाताना मिलिंदला म्हणाले, "शिस्त पाहिजे, शिस्त!"

*

आता टँकरचा किस्सा. लोह्याचा शेषेराव दुष्काळात आमच्याकडं पाण्याचा टँकर चालवायचा. त्याला सरकारी खात्यात ड्रायव्हर व्हायचं होतं. दारू पिऊन गाडी चालवल्याची एक केस. ड्रायव्हरला ही केस म्हणजे न्हाव्याचा हात कापल्यासारखी.

"काय झालं होतं?"

"काय होणार? पिलतो. रस्त्यात धरलं. मी म्हणलं बरोबर हाय, न्या. पण टँकर भरलेला. आन पुढच्या गावात बाया घागरी घिऊन उभ्या."

पोलिसांनी त्याला खाली उतरवलं. पण टँकर कोण नेणार? दोघा शिपायांपैकी कुणालाच एवढी मोठी गाडी येत नव्हती. इतक्यात गावातल्या बायकाच चालत रस्त्यावर आल्या. त्यांच्या पुढं जी म्हातारी होती, ती म्हणाली, "न्यायचा तिकडं न्या त्याला. पर पाणी हितं ठिवा!"

मग तिथंच रस्त्यावर टँकरची तोटी सोडली. रांग लागली. शेषेराव चाकाशी बसलेला. पंचनामा चालू होता आणि पंच म्हणून ज्यांना बोलावलं, ते सही करायला घागर खाली ठेवायला तयार नव्हते!

मी सगळं लिहिलं. पण शेषेरावचं काम झालं नाही. केस एकच होती, फार जुनीही नव्हती, आणि ड्रायव्हरचीच जागा. बिराजदार स्वतः सांगायला आले. "आत्ता न्हाई, शेषेराव. दोन-तीन वर्षं नीट काढ, मग पुन्हा भर."

शेषेराव म्हणाला, "बरोबर हाय सायब. माझी बायको बी हेच म्हणती. दोन वर्षं नीट काढ, मग घरात घेते!"

*

एकदा दुपारी चहा पिताना मिलिंदनं बिराजदारांना हळूच विचारलं, "हवालदारसाहेब, गावात जाऊन तुमी काय काय इचारता?"

बिराजदार हसले. त्यांनी हिमायतनगरकडच्या जुन्या ड्युटीतला किस्सा सांगितला. तेलंगणाची हद्द तिथून जवळ, ज्यांच्या रसाची दारू होते ती शिंदीची झाडं भरपूर. एका पोराच्या पडताळणीला गेले. पोलीस पाटील, सरपंच, दोन शेजारी, सगळे ओसरीवर बसले.

"पोरगा पितो का?"

"राम राम! नाव बी घिऊ नका सायब."

"घरचे?"

"छ्या!"

"गावात कुणी?"

"सायब, आमच्या गावात दारूचा वास कसा असतो ते पोरांना ठाऊक न्हाई!"

बिराजदारांनी समाधानानं सगळं लिहून घेतलं. ऊन मी म्हणत होतं. म्हणाले, "बरं, जरा पाणी द्या प्यायला."

सगळे एकमेकांकडं बघू लागले. शेवटी पोलीस पाटील कानाशी आला. "सायब, पाणी परवा यील. शिंदी सकाळचीच हाय, आणू का?"

मिलिंद त्या दिवशी पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, "म्हंजे गाव सांभाळून घेतंच की."

चाचांनी बशी खाली ठेवली. "मास्तर, इसकू मोरेश्वर का किस्सा सुना."

*

तो मला सांगावासा वाटत नाही. पण सांगतो.

मोरेश्वर मोठ्या शेतकरी घरातला, बी.ए. झालेला. फौजदार म्हणून निवड झालेली. गावानं मिरवणूक काढायची ठरवलेली. फॉर्म भरायला वडील सोबत आले होते. बारावा रकाना आला तसं पोरगं काहीतरी बोलायला गेलं. वडील म्हणाले, "निरंक."

पोरगं म्हणालं, "दादा, पण ती लग्नातली..."

"निरंक म्हणलं ना! वरातीत नाचताना दोन घोट घेतले, धक्काबुक्की झाली, दंड भरला, संपलं. मास्तर, लिहा."

चाचा त्या दिवशी नमाजाला गेले होते. मी एकटाच होतो. मोठ्या माणसापुढं माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मी लिहिलं, 'निरंक'. अगदी वळणदार अक्षरात.

तीन महिन्यांनी मोरेश्वर आला, एकटा. ठाण्याच्या नोंदवहीत केस सापडली होती. निवड रद्द. मी मान खाली घालून बसलो. मला वाटलं, आता हा मला बोलणार.

तो म्हणाला, "मास्तर, त्या केसनं काहीच झालं नसतं. साहेबानंच सांगितलं. एकच होती, किरकोळ होती. म्हणाले, पिला म्हणून नव्हे, लपवलं म्हणून घरी चाललास." जाता जाता म्हणाला, "अक्षर मात्र छान आहे तुमचं."

त्यानंतर मी 'निरंक' हा शब्द आधी तीनदा विचारल्याशिवाय लिहिलेला नाही.

किस्सा संपला. मिलिंद दगडावरून उठला, टेबलासमोर आला. "लिहा, मास्तर."

"नक्की?"

"नळासकट लिहा."

*

आता इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आमचा जिल्हा नवा!

आठवड्यानं बिराजदार डोकं खाजवत बाहेर आले. "मिलिंद, अरे, तुझा गुन्हा घावंना!"

झालं होतं असं. ते बाजाराचं गाव आधी एका ठाण्याखाली होतं, जिल्हा झाल्यावर दुसऱ्या ठाण्याखाली गेलं. जुनं ठाणं म्हणे, कागद तिकडं पाठवले. नवं ठाणं म्हणे, आमच्याकडं निरंक. फॉर्मवर शेरा आला, 'तपशिलास पुरावा जोडावा.'

मिलिंदला आधी कळेचना. "म्हंजे मी गुन्हा केला न्हाई?"

"केलास ना? तू स्वतः लिहून सही केलीस. आता सिद्ध कर!"

"आन न्हाई झालं सिद्ध तर?"

"तर तू फॉर्मात खोटं लिहिलं असं होईल!"

"मग तो रकाना खोडू का?"

"खोडलास तर लपवलं असं होईल!"

मिलिंद बाजाराच्या गावी गेला. ज्या शिपायानं धरलं होतं, त्याची बदली झालेली. चौकातल्या चहावाल्यानं सगळं बघितलेलं होतं. मिलिंदनं त्याला हात जोडले, "एवढं सांगा, की मी पिलतो."

चहावाल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू गुणाचं पोरगं हायस. तुझी नोकरीची येळ. मी मेलो तरी सांगणार न्हाई. तू पिलाच नव्हतास!"

"आवो काका, पिलतो!"

"अजाबात न्हाई! उन्हानं चक्कर आलती तुला!"

दोन पानवाले आणि एक चांभारही हेच म्हणाले. सगळा चौक त्याच्या बाजूनं उभा राहिला आणि त्याला बुडवायला लागला. परत आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. "मास्तर, जिंदगीत एकदा पिलो. कुणी मानायला तयार न्हाई."

मुदतीला दोन दिवस राहिले. बिराजदार म्हणाले, "आता घरची चौकशी तेवढी बाकी हाय. मास्तर, तू बी चल. जबाब लिहायला. माझं अक्षर साहेबाला वाचता येत न्हाई."

आम्ही गेलो. मिलिंद सारखा घाम पुसत होता. घर एका खोलीचं, सारवलेलं. भिंतीवर बुद्धाचा फोटो. खाली फळीवर वंदनेची पातळ पुस्तिका. माय बाहेर आली. बारीक, काळी, ताठ बाई.

सोबत आलेल्या गावच्या पोलीस पाटलानं एका दमात सांगितलं, "पोरगं निर्व्यसनी. लिहून घ्या."

मी पेन धरून बसलो, पण लिहू काय? मिलिंद म्हणाला, "माय, जरा शेजारून पाणी आण की."

"हाय की घरात." ती हलली नाही.

बिराजदारांनी टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांनाही ते विचारवेना. शेवटी आडून म्हणाले, "माय, पोराचे काही जुने कागद हायत का? सरकारी शिक्क्याचे? शाळेचे... कोर्ट... कसले बी."

माय वळली. फळीवरची पुस्तिका काढली, उघडली आणि आतून एक कागद काढून बिराजदारांच्या हातात ठेवला. "शर्ट धुताना घावला होता खिशात. कोपरा भिजला, तवा उन्हात वाळवला. हाच हुडकून राहिलाव का?"

ती दंडाची पावती होती. केसचा नंबर, तारीख, कलम, मिलिंदचं पूर्ण नाव. शिक्का थोडा फुटलेला, पण वाचता येत होता. बिराजदारांनी ती दोन्ही हातांत धरली, जशी काही फुटेल.

त्या नंबरावरून पुढं कोर्टातली नोंद निघाली. मुदतीच्या आत कागद गेले. एकच केस, जुनी, स्वतः सांगितलेली, पुराव्यानिशी. पावसाळा संपता संपता मिलिंदला हजर व्हायचं पत्र आलं. आता तो कारखान्याच्या गेटावर उभा असतो आणि आत जाणाऱ्यांची तपासणी करतो.

पण किस्सा तो नाही.

त्या दिवशी बिराजदारांनी पावती नीट घडी करून ठेवली आणि जाता जाता विचारलं, "माय, ह्यात काय लिहिलंय, ठाऊक हाय का तुला?"

"मला कुठं वाचता येतंय, बाबा?" माय म्हणाली.

मिलिंद भिंतीकडं तोंड करून उभा होता. पुस्तिका अजून तिच्या हातात उघडीच होती. माझी मान नेहमीसारखी खाली, त्यामुळं मला ते पान दिसलं. पावती दोन वर्षं दाबून राहिली होती, तेवढ्या जागेचा कागद पिवळा पडला होता. पान पंचशीलाचं होतं. डाग पाचव्या शीलावर होता.

मायनं पुस्तिका मिटून फळीवर ठेवली. घागर वाकडी करून तांब्या भरला. ऐन उन्हाळ्याच्या त्या दिवसांत तांब्याभर पाणी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. बिराजदार, पाटील आणि मी, तिघं पाहुणे दारात उभे होतो. पाणी आधी पाहुण्याला द्यायचं असतं.

ती आमच्या समोरून गेली, मिलिंदपुढं जाऊन उभी राहिली आणि तांब्या त्याच्या हातात दिला.

म्हणाली, "पी."